सिलिकॉन कसे वितळते? : अतिजलद लेसर स्पंदांची साक्ष

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तुपाची वाटी चुलीच्या उबेला ठेवली की थोड्या वेळाने तूप पातळ होते. मेण, शिसे, लोखंड यांचेही तसेच. फरक असतो तो केवळ तापमानाचा. आधी तापणे आणि मग वितळणे हा क्रम माणसाला विस्तव ठाऊक झाला तेव्हापासून ठाऊक आहे, आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही तो तसाच शिकविला जातो. तथापि १९७९ च्या सुमारास भौतिकीच्या अभ्यासकांमध्ये एक वाद उत्पन्न झाला. एखादा पदार्थ तापण्यापूर्वीच वितळू शकेल काय, हा त्या वादाचा गाभा होता. ज्या पदार्थावरून तो पेटला तो पदार्थ कोणी दुर्मिळ धातू नव्हे. वाळूपासून काढले जाणारे आणि आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात असणारे सिलिकॉन हेच त्याचे कारण होते.

सिलिकॉन हे अर्धवाहक आहे. शुद्ध स्थितीत त्यातून वीज जेमतेम वाहते. परंतु त्यात बोरॉन, फॉस्फरस, आर्सेनिक यांसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश मिसळला की त्याची वाहकता हवी तशी घडविता येते. हा अंश मिसळण्याची एक रीत म्हणजे त्या मूलद्रव्याचे विद्युत्भारित अणू वेगाने सिलिकॉनच्या चकतीवर आदळविणे. पाहुणा आत शिरतो खरा, परंतु दार मोडून शिरतो. स्फटिकातील अणूंची जी रेखीव मांडणी असते ती त्या मारामुळे विस्कटून जाते. ती पुन्हा बसविण्यासाठी चकती भट्टीत घालून बराच वेळ तापवावी लागे. यास अनुशीतन म्हणतात. मात्र भट्टीत सगळीच चकती तापते, आणि ज्या अणूंना विवक्षित जागी बसविले ते तेथून सरकू लागतात.

१९७० च्या दशकात सोव्हिएत संघातील कझान येथील संशोधकांनी वेगळा मार्ग दाखविला. चकतीवर लेसरचा एक झोत क्षणभर टाकला की केवळ वरची कातडी दुरुस्त होते, खालचा भाग थंड राहतो. युक्ती उत्तम होती. कशी घडते, हे मात्र कोणास नीट सांगता येईना.

एका पक्षाचे म्हणणे सरळ होते. प्रकाश सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन शोषून घेतात, ते आपली ऊर्जा अणूंना देतात, अणू जोराने थरथरू लागतात, तापमान १,४१४ अंश सेल्सिअसवर जाते आणि पृष्ठभाग वितळून पुन्हा गोठतो. चुलीवरचे तूपच, फक्त फार घाईने! दुसऱ्या पक्षाने, ज्यात अमेरिकेतील व्हॅन व्हेख्टेन आणि त्यांचे सहकारी अग्रेसर होते, असे सुचविले की गोष्ट एवढी साधी नसावी. स्फटिकातील अणूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध इलेक्ट्रॉनांचेच बनलेले असतात. प्रकाशाने एकाच वेळी पुष्कळ इलेक्ट्रॉन त्यांच्या जागेवरून उचलले, तर बंधच सैल पडतील. मग अणू तापण्याची वाट कशाला पाहावयाची? घराची तुळई काढल्यावर छप्पर खाली येण्यास आग लागावी लागत नाही.

१९८० मध्ये या दुसऱ्या पक्षाला एक पुरावा मिळाला. झोत पडत असताना सिलिकॉनमधून विखुरलेल्या प्रकाशावरून कम्पान आणि लो या संशोधकांनी अणूंचे तापमान मोजले, ते अवघे ३०० अंशांच्या आसपास भरले. या मापनाची पद्धत होती १९२८ मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामाची. विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशापेक्षा कमी ऊर्जेचा एक आणि अधिक ऊर्जेचा एक असे दोन भाग आढळतात. त्यांचे परस्पर प्रमाण म्हणजे पदार्थाच्या उष्णतेचा जणू पारा. विरुद्ध पक्षाने हा पारा नेमका कोणत्या क्षणी आणि कोणत्या जागी वाचला, असा सवाल केला. सवाल रास्त होता. पुढील दोन-तीन वर्षे परिषदांतून आणि नियतकालिकांतून हा विषय गाजत राहिला, आणि वैज्ञानिक वादांतही माणसे आपला पक्ष सहजी सोडीत नाहीत याचा प्रत्यय आला.

वाद मुळात होता काळाचा. त्या वेळी वापरात असलेले झोत काही नॅनोसेकंद टिकत. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटींशावा भाग. इलेक्ट्रॉनांकडून अणूंकडे ऊर्जा जाण्यास त्याच्या हजारांश, म्हणजे पिकोसेकंदाच्या आसपासचा अवधी पुरतो. जत्रा उठून गेल्यावर मैदानातील पाऊलखुणा पाहून कोण आधी आले आणि कोण मागून आले हे ठरविण्यासारखाच हा प्रकार होता. उष्णता आधी की वितळणे आधी, हे पाहावयाचे तर उष्णता उत्पन्न होण्याच्या अवधीहूनही आखूड असा प्रकाश पाहिजे.

सेकंदाचा अंत्य भाग

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांच्या स्थानांची नावे दिली आहेत. त्यांत एकावर पंधरा शून्ये असणाऱ्या संख्येस 'अंत्य' असे नाव आहे. सेकंदाचे तेवढे भाग केले तर प्रत्येक भाग एक फेम्टोसेकंद होतो. एका सेकंदाच्या मानाने फेम्टोसेकंद जेवढा लहान, तेवढाच ३ कोटी १७ लाख वर्षांच्या मानाने एक सेकंद लहान आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. १०० फेम्टोसेकंदांत तो ३० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकेही अंतर तोडू शकत नाही.

कॅमेऱ्याची झडप कितीही चपळ केली तरी असा क्षण पकडता येणार नाही. म्हणून झडपेऐवजी प्रकाशच तुकड्यांचा करावा लागला. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर तयार केला. त्यानंतर काही वर्षांतच स्पंद नॅनोसेकंदांवरून पिकोसेकंदांपर्यंत आखूड झाले. १९७४ मध्ये न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत चार्ल्स शँक आणि एरिक इपन यांनी रंगद्रव्याच्या द्रावणातून पिकोसेकंदाहूनही लहान स्पंद काढले. १९८१ मध्ये तेथेच फोर्क, ग्रीन आणि शँक यांनी ९० फेम्टोसेकंदांचा टप्पा गाठला. त्यांच्या यंत्रात दोन स्पंद एका कड्यातून विरुद्ध दिशांनी फिरत आणि प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्याच्या एका पातळ धारेत समोरासमोर भेटत. त्या भेटीत दोघांच्याही कडा छाटल्या जात आणि मधला प्रखर गाभा तेवढा पुढे जाई. ही प्रयोगशाळा एका दूरध्वनी कंपनीची होती. टेलिफोनवाल्यांना सेकंदाच्या अंत्य भागाशी काय कर्तव्य, असे त्या काळी एखाद्या हिशेबतपासनिसाने विचारले असते तर त्यास चटकन पटेल असे उत्तर देणे कठीणच गेले असते.

आखूडपणाबरोबर या स्पंदांत आणखी एक गुण येतो. एका मिलीज्यूल ऊर्जेत १० ग्रॅमचे वजन जेमतेम एक सेंटिमीटर उचलता येईल. पण तीच ऊर्जा १०० फेम्टोसेकंदांत कोंबली तर त्या क्षणापुरती शक्ती १०,००० मेगावॉट होते. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे, तिच्या पाचपट. अर्थात कोयनेने गावे उजळतात आणि या स्पंदाने एक दिवाही लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण एवढी शक्ती सुईच्या टोकाएवढ्या जागेवर पडली की पदार्थ नेहमीच्या रीतीने वागेनासा होतो.

कर्ण्याचा आवाज आणि तार षड्ज

ही 'नेहमीची रीत' म्हणजे काय? खिडकीच्या काचेतून तांबडा प्रकाश गेला तर पलीकडे तांबडाच बाहेर पडतो. दिवा दुप्पट केला तर बाहेर येणारा प्रकाश दुप्पट होतो. रंग बदलत नाही. पण उत्सवाच्या मांडवातील कर्णा सर्वांच्या परिचयाचा आहे. आवाज मर्यादेत असतो तोवर गाणे गाण्यासारखे ऐकू येते. बटण टोकापर्यंत फिरविले की कर्ण्याचा पडदा त्या ओढीला प्रमाणात उत्तर देऊ शकत नाही, आणि मूळ गाण्यात नसलेले सूर त्यातून निघू लागतात. ऐकणाऱ्यास तो कर्कशपणा वाटतो. गणिताच्या दृष्टीने मात्र ते नियमबद्ध असते. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचे सूर त्यात मिसळलेले असतात. षड्जाच्या दुप्पट कंप्रतेचा सूर म्हणजे तार षड्ज. पदार्थातील इलेक्ट्रॉनही अशा पडद्यासारखेच आहेत. प्रकाशाने त्यांना फार जोराने ओढले की तेही तार सप्तकात बोलू लागतात. प्रकाशिकीच्या या शाखेस अरेषीय प्रकाशिकी असे नाव आहे.

१९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा प्रकाश गारेच्या स्फटिकातून पाठविला तेव्हा पलीकडे बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश किंचित उमटला. छायाचित्राच्या पट्टीवर त्याचा अगदी बारीक ठिपका होता. तो शोधनिबंध छापून आला तेव्हा ठिपक्याकडे दाखविणारा बाण जागेवर होता, ठिपका नव्हता. छपाईच्या वेळी तो धुळीचा कण समजून पुसला गेला, अशी हकीकत सांगितली जाते. मुद्रिते तपासणाऱ्या सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. या क्षेत्राची सैद्धांतिक बैठक घालणाऱ्यांत प्रमुख असलेले निकोलस ब्लोएमबर्गन यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

अर्धवाहकांच्या बाबतीत या कथेस महाराष्ट्राचा एक धागा आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरचे जनक म्हणून ते सर्वत्र ओळखले जातात. पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो लेसर वापरला गेला. त्यांनी त्याचा अवरक्त प्रकाश टेल्यूरियम, इंडियम आर्सेनाइड यांसारख्या अर्धवाहकांतून पाठवून पाहिला, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. डोळ्यांना अपारदर्शक दिसणारे हे पदार्थ अवरक्त प्रकाशास वाट देतात, आणि वाट देताना त्याची कंप्रता दुप्पट करतात किंवा दोन कंप्रतांची बेरीज-वजाबाकी करून नव्याच कंप्रतेचा प्रकाश बाहेर टाकतात. १९६० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या या कामामुळे अर्धवाहक हे अरेषीय प्रकाशिकीचे एक महत्त्वाचे क्षेत्र ठरले.

बेलाच्या पानाची आकृती

आता मूळ वादाकडे येऊ. सिलिकॉनच्या स्फटिकाची एक खोड अशी की त्याच्या अंतर्भागातून तार षड्ज जवळजवळ निघतच नाही. त्याची मांडणी मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारखी असल्याने एका बाजूने उत्पन्न होणारा दुप्पट कंप्रतेचा प्रकाश दुसऱ्या बाजूचा रद्द करतो. पृष्ठभागावर हा समतोल राहत नाही. खाली स्फटिक आणि वर हवा अशी तेथील स्थिती. म्हणून जो थोडा दुप्पट कंप्रतेचा प्रकाश येतो तो मुख्यतः कातडीची वार्ता घेऊन येतो. शिवाय विशिष्ट रीतीने कापलेली चकती हळूहळू फिरविली तर हा प्रकाश एका फेऱ्यात तीन वेळा वाढतो आणि तीन वेळा ओसरतो. त्याचा आलेख वर्तुळावर काढला तर बेलाच्या पानासारखे त्रिदल उमटते. अणूंची मांडणी शाबूत आहे, असे ते त्रिदल सांगते. पृष्ठभाग वितळून द्रव झाला की द्रवास सगळ्या दिशा सारख्याच, आणि त्रिदल नाहीसे होते. तापमापकाने जे कळणार नाही ते या आकृतीवरून थेट कळते.

१९८३ मध्ये शँक, येन आणि हिर्लिमान यांनी हाच प्रयोग केला. ९० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाचे दोन भाग केले. पहिला प्रखर भाग सिलिकॉनवर आघात करण्यासाठी, दुसरा सौम्य भाग आघातानंतरची स्थिती पाहण्यासाठी. दुसऱ्यास उशिरा पाठवावयाचे ते घड्याळाने नव्हे, मोजपट्टीने! त्याच्या वाटेतील आरसा १५ मायक्रोमीटर मागे सरकविला की जाण्या-येण्याची वाट ३० मायक्रोमीटरने वाढते आणि तो १०० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. आरसा थोडा थोडा सरकवीत, दरवेळी चकतीवरील ताज्या जागेवर आघात करीत, त्यांनी क्षणाक्षणांची चित्रमालिका तयार केली. नारिंगी-तांबडा प्रकाश ६२० नॅनोमीटरचा; त्यातून उमटणारा जंबुपार ३१० नॅनोमीटरचा. प्रखर स्पंद पडण्यापूर्वी त्रिदल स्वच्छ होते. पडल्यानंतर साधारण एका पिकोसेकंदाच्या आत ते पुसले गेले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात त्यांनी पृष्ठभागाची चकाकी मोजली होती. द्रव सिलिकॉन धातूसारखे चमकते, आणि ती चमकही तितक्याच त्वरेने आली होती.

एवढ्याने वाद संपला असे नाही. पिकोसेकंदाच्या आत मांडणी मोडली हे सिद्ध झाले. तोवर अणू तापले होते की नाही, हा प्रश्न शिल्लकच होता. १९९० मध्ये बर्लिनमधील स्टॅम्पफ्ली आणि बेनेमान यांनी गणिताने दाखविले की बंध सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी सुमारे दहावा भाग एकदम उचलला गेला तर स्फटिकाची मांडणी थंडपणीही टिकाव धरू शकत नाही. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये गॅलियम आर्सेनाइडवर तसेच प्रयोग झाले. त्या पदार्थात अंतर्भागातूनही दुप्पट कंप्रतेचा प्रकाश निघतो, आणि तो उष्णतेच्या गतीहून फार लवकर नाहीसा झालेला आढळला. त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः ब्लोएमबर्गन होते.

निर्णायक म्हणावा असा पुरावा मिळण्यास २००५ साल उजाडले. स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकावर क्ष-किरणांचे अतिजलद स्पंद वापरून इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकातील अणूंच्या हालचाली प्रत्यक्ष पाहण्यात आल्या. प्रकाशाच्या आघाताने बंध सुटताच अणू आपापल्या जागेवरून निघाले, पण त्यांचा वेग नेहमीच्या खोलीच्या तापमानाला असतो तेवढाच होता. रात्री दावे सुटलेली गुरे आपल्या संथ चालीने गोठ्याबाहेर पडावीत, तसे ते निघाले. त्यांना कोणी चाबूक मारलेला नव्हता. पुढे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि उष्णता आली, पण तोवर स्फटिक हा स्फटिक राहिलेलाच नव्हता.

मग नॅनोसेकंदवाल्या पहिल्या पक्षाचे काय? त्यांचेही चुकले नव्हते. १९८२ च्या सुमारास क्ष-किरणांच्या आणि विद्युत्वाहकतेच्या मापनांनी हे स्पष्ट होऊ लागले होते की लांब स्पंदाखाली सिलिकॉन तुपासारखेच तापून वितळते. तीच वस्तू, तोच प्रकाश. पण स्पंद लांब असेल तर उष्णता पुढे, आखूड असेल तर मांडणी मोडणे पुढे. वर्गात हे प्रकरण सांगावयाचे झाल्यास शिक्षकांनी हा भेद अवश्य सांगावा. नाहीतर चूल न पेटविता तूप वितळविण्याची आशा धरणारा एखादा विद्यार्थी घरी बोलणी खाईल.

लांब स्पंदाने वितळविण्याची रीत कारखान्यांत रुजली. अनेक मोबाईलच्या पडद्यांत काचेवर सिलिकॉनचा एक पातळ थर असतो. तो थर स्फटिकरूप व्हावा म्हणून त्यावर जंबुपार लेसरचे काही दशक नॅनोसेकंदांचे स्पंद टाकले जातात. १,४०० अंशांवर वितळणारे सिलिकॉन त्याहून पुष्कळ कमी तापमानास मऊ पडणाऱ्या काचेवर वितळविले जाते, आणि काचेस ते कळतही नाही, इतका तो अवधी अल्प असतो. आखूड स्पंदांचा उपयोग जेथे आजूबाजूच्या भागास उष्णतेची धग लागू द्यावयाची नसते तेथे होतो. डोळ्याच्या पारपटलावरील शस्त्रक्रिया हे त्याचे परिचित उदाहरण. या कामांसाठी स्पंद पुरेसे प्रबळ करण्याची सुरक्षित युक्ती १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी काढली. स्पंद आधी ताणून लांब करावयाचा, मग वाढवावयाचा आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड करावयाचा. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

अर्धवाहकाने या विद्येचे ऋण फेडले ते आणखी निराळ्या रीतीने. रंगद्रव्यांची वाहती द्रावणे सांभाळणे हे मोठे कटकटीचे काम होते. १९९२ मध्ये उर्सुला केलर यांनी त्यांच्या जागी अर्धवाहकाच्या पातळ थरांचा एक आरसा बसविला. एस.टी.च्या गाडीत आसने रिकामी असतात तोवर थांब्यावरचा प्रत्येक प्रवासी आत सामावला जातो. आसने भरली की बाकीच्यांना परत फिरावे लागते. या आरशात मंद प्रकाश येतो तेव्हा इलेक्ट्रॉन तो गिळून टाकतात. प्रखर प्रकाश येतो तेव्हा वरच्या जागा एकदम भरतात आणि उरलेला प्रकाश परावर्तित होतो. लेसरच्या पोकळीत प्रकाश असा हजारो वेळा फिरला की मंद भाग संपून जातो आणि प्रखर स्पंद तेवढा शिल्लक राहतो. स्पंदांनी ज्याची परीक्षा घेतली तोच पदार्थ आता स्पंद घडवू लागला. प्रयोगशाळेतील खोलीभर यंत्र टेबलावर मावू लागले ते अशाच सुधारणांमुळे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही फेम्टोसेकंद लेसरांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

२०२३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउझ आणि अ‍ॅन ल'हुइलिए यांना फेम्टोसेकंदाच्याही हजारांशाच्या, म्हणजे अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदांसाठी मिळाले. त्याआधी २०१४ मध्येच बर्कली येथील संशोधकांनी तसे स्पंद सिलिकॉनवर वापरले होते. प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन बंध सोडून वरच्या पातळीवर जातात ती उडी त्यांनी पाहिली. ती ४५० अ‍ॅटोसेकंदांच्या आत आटोपली, आणि अणूंची मांडणी हलू लागण्यास त्यानंतर सुमारे ६० फेम्टोसेकंद लागले.